चाळीस टॅब उघडे आहेत आणि फंडिंग कुठेच नाही

पत्र:

ताई, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विषय पूर. म्हणजे पाणी कुठपर्यंत आलं होतं हे लोकांना कसं आठवतं, भिंतीवरच्या खुणा, घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी, असं सगळं. आत्तापर्यंत ६२ मुलाखती रेकॉर्ड केल्यात. त्यातूनच एक छोटी डॉक्युमेंटरी करायचीये, पण गाइडना अजून सांगितलेलं नाही. स्कॉलरशिप अकरा महिन्यांत संपतेय. राहिलेल्या फील्डवर्कला पैसे हवेत, फिल्मला हवेत आणि लिहायला सहा महिने शांतता हवीये. दोन ठिकाणी अर्ज केले, दोन्हीकडून नकार, एकाने कारणसुद्धा दिलं नाही. गाइड म्हणतात नेटवर शोध, खूप असतं. शोधलं की ‘टॉप १०० फेलोशिप्स’ अशा याद्या येतात, त्यातल्या निम्म्या बंद पडलेल्या आणि उरलेल्यांत मी बसत नाही. रोज रात्री चाळीस टॅब उघडे असतात आणि एकही अर्ज लिहून होत नाही. खरं सांगू का, सारखं कुणापुढे तरी हात पसरल्यासारखं वाटतं. नाकारलेल्या अर्जाची दोन पानं सोबत पाठवतेय. कुठून सुरुवात करू? आणि गाइडना फिल्मचं सांगू का?
— पूररेषा

उत्तर:

प्रिय पूररेषा,

सगळ्यात आधी ते हात पसरण्याचं बोलूया, कारण बाकी सगळं त्याच्यापाशीच अडकलंय असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. हे पैसे कुणी तुझी दया येऊन देणार नाहीये. अमेरिकेतल्या खासगी फाउंडेशनांना तर कायद्यानेच दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्क्यांइतके पैसे बाहेर द्यावे लागतात, नाही दिले तर त्यावर वेगळा कर बसतो, म्हणजे ते पैसे कुणाला तरी जाणारच असतात आणि कुणाला द्यायचे हे शोधणं हीच तिथल्या माणसांची नोकरी असते. संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी कौन्सिलांचंही तसंच, बजेट मंजूर झालेलं असतं आणि ते बऱ्या कामावर गेलं नाही तर त्यांनाच वर उत्तर द्यावं लागतं. मी स्वतः काही वर्षं एका निवड समितीवर होते. सगळ्यात जास्त हळहळ कधी वाटायची माहितीये? एखाद्या अर्जाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाला, अचानक कळायचं की अरे, हिच्या हातात तर सोनं आहे, आणि तोपर्यंत वाचणाऱ्याचे गुण देऊन झालेले असायचे. तुझ्या अर्जाचं नेमकं तेच झालंय, त्याच्याकडे येते मी पुढे. पण ६२ मुलाखती गोळा केलेल्या मुलीने मान खाली घालून अर्ज करायचं काहीही कारण नाही, हे आधी डोक्यात पक्कं कर.

आता ते चाळीस टॅब. बंद कर सगळे. बुकमार्कसुद्धा करू नकोस, त्यातलं जे खरंच तुझ्या कामाचं असेल ते दुसऱ्या वाटेने परत तुझ्यासमोर येईलच. अडचण अशी आहे की तू ‘फेलोशिप’ शब्द टाकून शोधतेयस, आणि तुझ्या पत्रातच तीन वेगवेगळ्या गरजा आहेत ज्यांना जगात कुणीच एकत्र पैसे देत नाही. फील्डवर्कचा खर्च ही एक गोष्ट, तो रिसर्च ग्रँटमधून निघतो, कामाला मिळतो, पावत्या द्याव्या लागतात. लिहायला सहा महिने शांतता ही दुसरी, तिला फेलोशिप किंवा रेसिडेन्सी, म्हणजे काही काळ राहून काम करायला दिलेली जागा, लागते, तिथे तुझा वेळ विकत घेतला जातो आणि हिशेब बहुतेक वेळा ढिला असतो. फिल्म ही तिसरी, तिचं जगच निराळं, तिथे तुझा पीएचडीचा विषय किती ग्रेट आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, तुझं फुटेज काय आहे ते बघतात. तू नाकारलेल्या अर्जात हे तिन्ही एकाच बजेटमध्ये घातलेस. वाचणाऱ्याला वाटणार की हिचं नक्की काय चाललंय, संशोधन की सिनेमा, आणि शंका आली की माणूस पुढच्या अर्जाकडे वळतो.

मग शोधायचं कसं? उलटं शोध. पैशापासून कामाकडे येऊ नकोस, कामापासून पैशाकडे जा. तुझ्या टेबलावर आत्ता जे प्रबंध, पुस्तकं, पेपर पडलेत, ज्यांच्यावाचून तुझं पान हलत नाही, त्यातले वीस घे आणि फक्त ऋणनिर्देशाचं पान उघड. पेपर असेल तर शेवटी फंडिंगची एक बारीक टायपातली ओळ असते ती बघ. तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं की फील्डवर्क कुणाच्या पैशावर झालं, लिखाण कुठे बसून झालं, शेवटचा प्रवासखर्च कुणी दिला. डॉक्युमेंटरी बघतेस त्यांची शेवटची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाच, कुठल्या फंडाचे लोगो आहेत ते लिहून काढ. एका संध्याकाळी वीस कामांमधून तुला पंधरा-सतरा नावं मिळतील आणि त्यातली चार-पाच नावं पुन्हा पुन्हा येतील. ती चार-पाच नावं म्हणजे तुझी यादी. या लोकांनी तुझ्यासारख्या कामाला पैसे दिलेत हा पुरावाच तुझ्या हातात आहे, शंभर फेलोशिपच्या यादीत तो कधीच नसतो.

याच्याही पुढची एक पायरी आहे जी फार कमी जण चढतात. मोठे देणारे कुणाला काय दिलं हे जाहीर ठेवतात. युरोपियन युनियनचा कॉर्डिस नावाचा डेटाबेस आहे, अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा अवॉर्ड सर्च आहे, ब्रिटनचा गेटवे टू रिसर्च आहे, तिन्ही फुकट आणि कुणालाही उघडे. त्यात ‘फ्लड मेमरी’ टाक. ब्रिटनमध्ये २००७ साली सेव्हर्न नदीकाठी मोठे पूर आले, त्यानंतर त्या भागातल्या लोकांच्या पुराच्या आठवणींवर एक आख्खा संशोधन प्रकल्प झाला आणि त्याला पैसे दिले तिथल्या इकॉनॉमिक अँड सोशल रिसर्च कौन्सिलने. सामाजिक शास्त्रांच्या कौन्सिलने, बरं का, आर्ट्सच्या नाही. तू दोन्ही अर्ज ‘लोकसंस्कृती’ म्हणून केलेस. तुझं काम लोकसंस्कृती आहेच, पण ते आपत्ती व्यवस्थापनसुद्धा आहे, नदीचा इतिहास आहे, पर्यावरण आहे, मौखिक इतिहास आहे. यातल्या प्रत्येक शब्दामागे पैशाचा एक वेगळा दरवाजा आहे आणि तू एकाच दारावर दोनदा थाप मारलीस. या डेटाबेसमध्ये मंजूर झालेल्या प्रकल्पांचे गोषवारेही असतात, ते दहा-बारा नुसते वाच, पाठ कर म्हणत नाही, पण मंजूर झालेल्या अर्जाची भाषा कशी असते हे कानाला कळायला लागतं.

काही नावं मी देते, तुझ्या विषयाला लागू पडतील अशीच. वेनर-ग्रेन फाउंडेशन, १९४१ पासून मानववंशशास्त्राला पैसे देतंय, त्यांची पीएचडीवाल्यांसाठी डिसर्टेशन फील्डवर्क ग्रँट आहे, २५,००० डॉलरपर्यंत, आणि कुठल्याही देशाचा विद्यार्थी चालतो. तुझी पद्धत मानववंशशास्त्राच्या जवळची आहे, पण नुसतं जवळची असून भागत नाही, अर्जात ते त्या शास्त्राच्या प्रश्नांशी जोडून दाखवावं लागेल. याच फाउंडेशनचा पहिला संशोधन संचालक पॉल फेयोश हा आधी सिनेमाचा दिग्दर्शक होता, मग मानववंशशास्त्राकडे वळला, आणि त्याच्या नावाने ते आज एथ्नोग्राफिक, म्हणजे लोकांच्या जगण्यावरच्या, फिल्मसाठी पोस्टडॉक्टरल फेलोशिप देतात. ती तुला आत्ता नाही, पीएचडी झाल्यावर. पण संशोधन आणि फिल्म एकाच माणसाने करणं हा काही गुन्हा नाही, त्याला जागा आहे, हे तुला कळावं म्हणून सांगतेय.

नॅशनल जिओग्राफिक सोसायटी आहे, १८९० पासून ग्रँट देतेय, पहिली माउंट सेंट एलियासच्या मोहिमेला दिली होती, पण आता त्यांच्याकडे गोष्ट सांगणाऱ्यांनाही पैसे मिळतात, तिथे तुझं फिल्मचं अंग लपवायची गरज नाही. तुझ्या मुलाखती जर एखाद्या मरत चाललेल्या भाषेत असतील, पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, तर २००२ पासून चालू असलेला एंडेंजर्ड लँग्वेजेस डॉक्युमेंटेशन प्रोग्राम बघ, रेकॉर्डिंग आणि त्याचं नीट जतन हेच त्यांचं काम. फिल्मसाठी आम्सटरडॅमच्या डॉक्युमेंटरी फेस्टिव्हलचा इडफा बर्था फंड आहे, आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका अशा भागांतल्या डॉक्युमेंटरीवाल्यांसाठी, म्हणजे तू कुठली यावर ते ठरेल. इथे एक धोक्याची सूचना. फिल्म फंडला दाखवायला काहीतरी चित्रित केलेलं लागतं. तुझ्याकडे सध्या फक्त आवाज आहे. तेव्हा पुढच्या फील्डवर्कला जाशील तेव्हा एका माणसाबरोबर एक अख्खा दिवस कॅमेरा घेऊन काढ, त्याची तीन-चार मिनिटं नीट कापून ठेव. त्याच्याशिवाय फिल्मच्या एकाही फंडकडे जाऊ नकोस, उगाच नकाराची संख्या वाढेल.

आणि ती शांतता. कलाकारांच्या रेसिडेन्सी म्हणजे फक्त कवी-चित्रकारांसाठी असं तुला वाटत असेल, मलाही बरीच वर्षं वाटायचं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये मॅकडॉवेल आहे, १९०७ साली संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्याची पियानोवादक बायको मेरियन यांनी सुरू केलेली जागा. जंगलात सुट्या सुट्या स्टुडिओ आहेत, दुपारचं जेवण टोपलीत घालून गुपचूप दाराशी ठेवून जातात, तुला कुणी हाक मारत नाही. राहायचे पैसे घेत नाहीत, फिल्म आणि साहित्य दोन्ही चालतं, देशाची अट नाही. शिकत असलेल्यांना घेत नाहीत, पण कोर्सवर्क संपलेल्या पीएचडीवाल्यांना अर्ज करता येतो, आणि तुझं ते झालंय. सहा महिने तिथे मिळणार नाहीत, मुक्काम आठवड्यांत मोजायचा असतो, पण चित्रपटाची पटकथा किंवा पुस्तकाची दोन प्रकरणं व्हायला तेवढं पुरतं. अशा जागा जगभर आहेत, रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स या दोन ठिकाणी त्यांच्या याद्या असतात. फक्त बघून घे की ते तुला पैसे देणार की तू त्यांना देणार, कारण रेसिडेन्सी या एकाच नावाखाली दोन्ही प्रकार चालतात.

हो, ज्यांच्याकडे अर्ज करताच येत नाही तिथे वेळ घालवू नकोस. मॅकआर्थर फेलोशिप, आठ लाख डॉलरवाली, तिला अर्जच नसतो, दुसरं कुणीतरी गुपचूप तुमचं नाव सुचवतं. गुगेनहाइम अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांसाठी. तरी ‘टॉप १००’ मध्ये ही दोन्ही नावं वर असतातच. म्हणून माझी एक सवय सांगते, कुठल्याही फेलोशिपचं पान उघडलं की आधी ‘कोण अर्ज करू शकत नाही’ एवढंच वाचायचं. नागरिकत्व, पीएचडी झालेली की चालू, वय किंवा पदवीनंतरची वर्षं, सध्या राहतेस कुठे. युरोपियन युनियनच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपचं उदाहरण घे, पुढे तुला ती लागेलच, कुठल्याही देशाचा संशोधक चालतो, पण ज्या देशात जायचंय तिथे मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेली असशील तर बाद. हे न वाचता दोन महिने प्रपोजल लिहिलेली माणसं मी बघितलीयेत, आणि त्यांचं प्रपोजल वाईट नव्हतं हो. पाच मिनिटांत हे वाचून होतं आणि तुझ्या चाळीसपैकी तीस टॅब तिथेच गळाले असते.

आता तुझ्या अर्जाकडे येते, आणि इथे थोडी रेंगाळणार आहे. तू पाठवलेल्या दोन पानांचं पहिलं वाक्य असं आहे: ‘प्रस्तुत संशोधनाचा उद्देश पूरप्रवण क्षेत्रातील सामूहिक स्मृतीच्या निर्मितीप्रक्रियेचा आंतरविद्याशाखीय दृष्टिकोनातून चिकित्सक अभ्यास करणे हा आहे.’ दुसऱ्या पानाच्या शेवटून तिसऱ्या ओळीत, कंसात, जवळजवळ माफी मागितल्यासारखं हे आहे: ‘एका वृद्ध महिलेने पाणी दाराच्या कडीपर्यंत आल्याचे सांगितले, मात्र सरकारी नोंदीत त्या वर्षी पूर आढळत नाही.’

अगं! हेच तर आहे सगळं. मी ते वाचून खुर्चीत सरळ बसले. कडीपर्यंत पाणी आणि कागदावर पूरच नाही, मग कुणाची आठवण नोंद होते आणि कुणाची होत नाही, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या डोक्यात आपोआप उभा राहतो, त्याला ‘चिकित्सक’ म्हणावं लागत नाही. आणि तू ते कंसात टाकलंस. समितीवर असताना आम्हाला साठ-सत्तर अर्ज यायचे, ते आपापली नोकरी सांभाळून रात्री वाचायचे, त्यातले बरेचसे आपल्या विषयाचे नसायचेच. मी साहित्याची, मला हवामानाचा अर्ज यायचा. अशा वेळी माणूस पहिलं अर्धं पान मन लावून वाचतो आणि बाकीचं त्या अर्ध्या पानाने जे मत झालं त्याला आधार शोधायला वाचतो. हे बरोबर नाही, पण असं होतं, मी स्वतः केलंय.

म्हणून असं लिहून बघ, तुझ्या शब्दांत, मी फक्त वळण दाखवतेय: ‘एका आजींच्या आठवणीत पाणी दाराच्या कडीपर्यंत आलं होतं, सरकारी नोंदीत त्या वर्षी पूरच नाही. नदीकाठच्या लोकांच्या ६२ मुलाखतींत अशा न जुळणाऱ्या खुणा मला वारंवार सापडल्या. कुणाची पूररेषा कागदावर जाते आणि कुणाची फक्त भिंतीवर राहते, हे मला शोधायचं आहे.’ मग लगेच पुढच्या परिच्छेदात, हे कळल्याने काय होईल. पूर कुठपर्यंत येतो हे चुकीचं ठरलं की घरं कुठे बांधायची हे चुकतं, एवढं साधं लिही. मग काय केलंय, काय राहिलंय, आणि नेमके कशाला पैसे हवेत.

अमेरिकेच्या डार्पा या संस्थेचा सत्तरच्या दशकातला प्रमुख जॉर्ज हाइलमायर प्रत्येक प्रपोजलला ठरावीक प्रश्न विचारायचा, त्यातला पहिलाच असा की तुम्हाला काय करायचंय ते एकही पारिभाषिक शब्द न वापरता सांगा. पुढचे प्रश्न: आज हे कसं केलं जातं, तुमच्यात नवीन काय, जमलं तर कुणाला फरक पडेल, धोका काय, खर्च किती, वेळ किती, आणि जमतंय की नाही हे मधेच कसं कळेल. तिथे लष्करी तंत्रज्ञान असायचं, पण हे प्रश्न पुराच्या आठवणींनाही तेवढेच लागू पडतात. यांची उत्तरं एका पानात लिही. हे एक पान तयार होईपर्यंत एकही अर्ज भरायचा नाही. झालं की त्याची तीन रूपं कर, फील्डवर्कचं, शांततेचं, फिल्मचं. मग बघ अर्ज किती भराभर होतात, कारण रात्री तू जी अडकतेस ती फॉर्ममुळे नाही, हे पान नसल्यामुळे अडकतेस.

बजेटबद्दल थोडक्यात पण कळकळीने सांगते, कमी मागू नकोस. कमी मागितलं तर मिळायची शक्यता वाढते असं सगळ्यांना वाटतं. वाचणाऱ्याला उलटं वाटतं, हिला कामाचा अंदाज नाही. तू ६२ मुलाखती ऐकून लिहून काढायचा खर्च शून्य धरलायस कारण ते तू स्वतः करणार. एक तासाचं रेकॉर्डिंग नीट उतरवायला चार ते सहा तास जातात, आवाज खराब असेल, दोन माणसं एकदम बोलत असतील तर त्याहून जास्त. तुझ्या मुलाखती सरासरी तासाभराच्या धरल्या तरी हे अडीचशे ते पावणेचारशे तास झाले. तो तुझा वेळ आहे, तो बजेटमध्ये लिहायचा, देणाऱ्याच्या नियमात बसत असेल तर त्याचे पैसे मागायचे. हार्ड डिस्क दोन, एक नाही. प्रवास. भाषांतर लागत असेल तर ते. ज्यांनी तुला तासन्‌तास दिले त्यांना रेकॉर्डिंगची प्रत परत द्यायचा खर्चसुद्धा घाल, कारण चांगले देणारे हल्ली विचारतातच की या लोकांना परत काय मिळणार.

शिफारसपत्र किमान सहा आठवडे आधी माग. मागताना ते एक पान, अर्जाची लिंक आणि ‘तुम्ही माझं अमुक काम बघितलंय, त्याबद्दल लिहिलंत तर बरं होईल’ अशी दोन ओळींची आठवण सोबत दे. मी एक मोठी फेलोशिप अशीच घालवली, माझा अर्ज चार दिवस आधी गेला होता, पण पत्र देणाऱ्यांनी शेवटच्या दिवशी रात्री अपलोड केलं आणि डेडलाइन दुसऱ्या देशाच्या वेळेची होती, ती आमच्या दुपारीच संपली होती. ते सर आजही मला भेटले की त्याबद्दल बोलतात, चूक माझीही होती, मी वेळ सांगितलीच नव्हती. तेव्हा कॅलेंडरमध्ये तारीख लिहिताना तुझ्या घड्याळातली वेळ लिही आणि त्यांना ती दोन दिवस आधीची सांग.

आणि ते दोन नकार. हे वाच नीट. नेदरलँड्समधल्या तरुण संशोधकांच्या एका ग्रँटचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात कटऑफच्या जेमतेम वर राहून ग्रँट मिळालेले आणि जेमतेम खाली राहून हुकलेले, म्हणजे गुण जवळजवळ सारखेच, अशा दोघांची तुलना केली होती. पुढच्या आठ वर्षांत मिळालेल्यांना हुकलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त फंडिंग मिळालं. आणि त्याचं एक कारण असं निघालं की हुकलेल्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण मी असे किती जण बघितलेत, हुशार, मेहनती, एका नकारानंतर गप्प झालेले. कटऑफच्या आसपास नशीब किती असतं हे देणाऱ्यांनाही माहितीये, न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने तर २०१३ पासून एका ग्रँटसाठी पात्र अर्जांमध्ये सरळ चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली, ब्रिटिश अकॅडमीनेही २०२२ पासून छोट्या ग्रँट्ससाठी तसंच सुरू केलं. मघाशी सांगितलेली मारी क्युरी, तिथे २०२४ च्या फेरीत १०,००० हून जास्त अर्ज आले आणि साधारण १,७०० जणांना मिळाली, दर सहापैकी एकाला. म्हणजे दोन नकार हा तुझ्या कामावरचा निकाल होऊच शकत नाही, दोन अर्ज म्हणजे अजून मोजायला सुरुवातही झालेली नाही. ज्यांनी कारण दिलं नाही त्यांना एक छोटा नम्र ईमेल टाक, परीक्षकांचे शेरे मिळतील का म्हणून. सगळे देत नाहीत, पण काही देतात, आणि ज्यांनी कारण दिलंय ते कागदावर काढून भिंतीला लाव, पुढच्या अर्जात त्याचं उत्तर असलं पाहिजे.

तुझ्या अकरा महिन्यांत साधारण पाच-सहा अर्ज नीट होतील, वीस नाही. बऱ्याच ठिकाणी अर्ज ते पैसे हातात येणं यात सहा ते नऊ महिने जातात, म्हणजे फील्डवर्कचा अर्ज सगळ्यात आधी आणि लवकरच. मधल्या काळासाठी छोट्या गोष्टी सोडू नकोस, तुझ्या विद्यापीठातच प्रवासखर्चाचे, कॉन्फरन्सचे, उपकरणांचे लहान लहान फंड असतात, ते कित्येकदा अर्जच आले नाहीत म्हणून पडून राहतात. रिसर्च ऑफिसमध्ये जाऊन समोर बसून विचार, ईमेल करू नकोस. विद्यापीठाने पिव्हट किंवा रिसर्च प्रोफेशनलसारख्या फंडिंग शोधायच्या, पैसे भरून घ्यायच्या डेटाबेसचं सदस्यत्व घेतलंय का हेही तिथेच कळेल, लायब्ररीतल्या माणसांना तर ते नक्की माहीत असतं. आणि कुठेही ‘तुमची निवड झाली, प्रोसेसिंगचे पैसे भरा’ असं आलं की तिथून निघून जा. काही रेसिडेन्सी अर्जाची थोडी फी घेतात हे खरं, पण निवड झाल्यावर पैसे मागणारी फेलोशिप ही फेलोशिप नसते.

शेवटचं, गाइडना फिल्मचं सांगायचं का. सांग, आणि याच आठवड्यात सांग, शिफारसपत्र मागायच्या आधी. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून किंवा तुझ्या अर्जाच्या पानावर कळलं तर त्यांना लागेल, आणि ते पत्र लिहिताना हात आखडता घेतील. जाताना एक पान घेऊन जा ज्यात प्रबंध कधी पूर्ण होणार याच्या तारखा आहेत आणि फिल्मचं काम कुठल्या महिन्यांत आहे ते वेगळ्या रंगात आहे. त्यांना भीती एवढीच असणार की ही पोरगी प्रबंध अर्धा टाकून सिनेमाच्या मागे लागेल, त्या भीतीचं उत्तर तारखांनीच द्यायचं असतं. आणि त्यांच्याकडे जायच्या आधी तुझी ६२ संमतिपत्रं काढून बस. लोकांनी संशोधनासाठी आवाज रेकॉर्ड करायला हो म्हटलं होतं, फिल्मला म्हटलं होतं का? नसेल तर ज्यांचा आवाज किंवा चेहरा फिल्ममध्ये येणार त्या प्रत्येकाकडे परत जावं लागेल, नवीन कागद घेऊन. त्या आजींकडे सगळ्यात आधी जा. वय झालंय त्यांचं, आणि कडीपर्यंत पाणी आलं होतं हे त्यांना कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या हाताने दाखवता येतंय तोवर जा, ग्रँट मंजूर व्हायची वाट बघू नकोस, फोनवर चित्रित झालं तरी चालेल.

— ताई